डाव्या बाजूचा ब्रेक

काका, झालं! आज सकाळी झालं एकदाचं. आमचा कॅमेरावाला इम्रान अजून गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून वायरी गुंडाळतोय आणि मी इथे वळ गावात, तुमच्याच ओट्यावर बसून हे लिहितेय. काकींनी दिलेला चहा गार झाला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पयला चाय पी गो, मंग बोंबल." पण मला दम कुठे धरवतोय? कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय, आणि सांगायला तुम्ही नाही हे दर चार वाक्यांनी नव्याने आठवतंय.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. उभा जन्म शिकाऊ लोकांच्या गाडीत बसून काढला आणि गेलात घरच्या चटईवर, म्हणून सगळे म्हणत होते, चांगलं मरण आलं. मला रागच आला. आपलं भांडण अर्धवट होतं, काका. भांडण असं मध्येच टाकून जाण्यात चांगलं काय आहे?

चॅनलमध्ये म्हणाले, अश्विनी, तुझं बाळारामकाकांशी एवढं जमायचं, चार ओळी लिही. मी दोनदा बसले. 'बाळाराम हे भिवंडीतील नामवंत ड्रायव्हिंग स्कूलचे' इथपर्यंत आले की हसू यायचं आणि मग रडू. तुम्ही 'हे' कधी होता? तुम्ही माझ्या डाव्या हाताला, खिडकीला चिकटून, तोंड वाकडं करून बसलेले असायचात. ते कोण लिहिणार?

सुरुवात तुम्हीच हाणून पाडणार होता, आठवतंय ना. आमचं चॅनल केबलवरचं, एवढंसं. साहेबांना कार्यक्रम सुचला, 'गाडीतून भिवंडी'. मी गाडी चालवायची, चालवता चालवता कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं, रस्ते दाखवायचे, खड्डे दाखवायचे, माणसं दाखवायची. मोठ्या चॅनलवर असंच करतात, साहेब म्हणाले. मी तर ऐकूनच उडाले. फक्त गाडी नव्हती. मला गाडी शिकवलीत तुम्ही, तेव्हा तुमच्याकडेच आले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, पान थुंकलात आणि म्हणालात, "गारी देतो. पन मी बाजूला बसनार. माजे पाय माज्या ब्रेकवर."

शिकवण्याच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो हे मला माहीत होतं. पण मी काय आता शिकाऊ होते? कसला अपमान वाटला मला! तरी गाडी हवी होती, म्हणून हो म्हणाले. टपावरची पाटी उतरवली, काचेवरचा लाल 'L' खरवडला, डॅशबोर्डवर कॅमेरा चिकटवला. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून माकड म्हणालात. एकदा म्हणालात आणि ते माकड झालंच, इम्रानसुद्धा मागच्या सीटवरून "दीदी, माकड चालू किया" म्हणायला लागला.

पहिला दिवस. वळहून मानकोलीकडे निघालो. मी मान डावीकडे वळवली, छान हसले आणि म्हणाले, "नमस्कार भिवंडीकर!"

"येक," तुम्ही म्हणालात.

मी तशीच बोलत राहिले. "आज आपण निघालोय गोदामांच्या गावांमधून..."

"दोन. तीन."

आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागून रस्ता टिपणारा इम्रानचा हातातला कॅमेरा माझ्या सीटवर आपटला. मी ओरडले, काय मोजताय? तुम्ही शांतपणे खिडकीबाहेर बोट दाखवलंत.

"खांब. तू त्या माकडाकं बगलीस आनि तीन खांब गेले. तीन खांब गारी कोन चालवत व्हता?"

"तुम्ही होतात ना!"

"ताच सांगतंय मी."

त्या दिवसापासून तुमचं मोजणं सुरू झालं. रस्त्यावरचे विजेचे खांब हे तुमचं माप. सेकंद-मिनिटं तुम्हाला पटायची नाहीत. सेकंदात काय दिसतं, म्हणायचात, खांब डोळ्याला दिसतो. एक खांब चालून घ्यायचात. दुसऱ्याला घसा खाकरायचात. तिसऱ्याला ब्रेक. माझं एकेक सुंदर वाक्य तुम्ही तिसऱ्या खांबाला मारलंत. तो तुमचा आवाज कापता कापता आमचा एडिटर मेटाकुटीला आला. मानकोलीच्या नाक्यावर तर कंटेनर दिसायला लागले की तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढून सरळ कॅमेऱ्यावर टाकायचात. केवढी भांडले मी त्या टॉवेलवरून! आणि तुम्ही काय म्हणालात? "तुजा तोंड बगाला लोका टीव्ही लावतान, ता खरा हाय. पन समोरचा कंटेनरवाला टीव्ही बगत न्हाय."

कार्यक्रम मात्र चालला, काका. काय चालला! बाजारात बायका हात धरायला लागल्या. रिक्षावाले हॉर्न देऊन "नमस्कार भिवंडीकर" ओरडायचे. आणि तुमचं कोपर! फ्रेमच्या कडेला एक कोपर दिसायचं, पांढऱ्या शर्टाचं, आणि ते कोपर कोणाचं म्हणून लोक फोन करायचे. कोणी म्हणे नवरा, कोणी म्हणे बॉडीगार्ड. मी हसून लोळायचे. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ते बोललात, जे नंतर शंभरदा बोललात: "कोपर नको दाखवू, माजे पाय दाखव. लोकांना वाटतंय तू येकटीच चालवतंस."

मी म्हटलं, पाय दाखवले तर कार्यक्रमात मजा काय राहिली?

हेच आपलं भांडण. वर्षभर हेच. तुमचं म्हणणं, दोघांनी चालवलेली गाडी एकीची म्हणून दाखवतेस, हे लबाडीचं आहे. माझं म्हणणं, टीव्ही आहे, सगळंच थोडं तसं असतं. तुम्ही म्हणायचात, बघणाऱ्याच्या गाडीत डावीकडे ब्रेक नसतो. मी म्हणायचे, बघणारे काय लहान आहेत?

मग निजामपुऱ्याचे चाचा आले. मला अजून तुमचा तो चेहरा दिसतो! पॉवरलूमवाले चाचा, पन्नाशी उलटलेले, नवी गाडी दारात उभी आणि चालवता येत नाही म्हणून तुमच्याकडे शिकायला आलेले. चार दिवस नीट शिकले. पाचव्या दिवशी, कल्याण नाक्याच्या गर्दीत, दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान पूर्ण डावीकडे, तुमच्याकडे बघून गोड हसून म्हणाले, "नमस्कार भिवंडीकर!" पुढे हातगाडी, तिच्यावर कापडाचे तागे. तुम्ही ब्रेक दाबलात. तुम्ही विचारलंत, चाचा, हे काय? तर ते म्हणाले, "अरे, गाडी ऐसेच तो चलाते हैं ना? वो टीव्हीवाली चलाती है." त्यांना वाटलं तोही शिकवण्याचा भाग आहे. बिचारे घरी आरशासमोर सराव करून आले होते.

तुम्ही तसेच गाडी घेऊन चॅनलवर आलात आणि जिन्यातूनच ओरडायला लागलात. मी हसत सुटले. मला खरंच आवरेना. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "हस. पन त्या हातगारीवाल्याला इचार, त्याला हसू आला का." मी हसायची थांबले, पण पाय दाखवले नाहीत. मला हट्ट होता. तुम्हीच म्हणायचात, ही पोरगी रिव्हर्समध्ये पण ॲक्सिलरेटरच दाबते.

आता ते सांगते जे तुम्हाला सांगितलं नाही. ते सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलं आणि बघा, किती वेळ टाळाटाळ करतेय.

तुम्हाला ताप होता तो दिवस. तुम्ही निरोप पाठवलात, आज शूटिंग नको. मी साहेबांना सांगितलं, काकांनी गाडी दिलीये. तुमच्याशी मी खोटं बोलायला त्याच सकाळी सुरुवात केली, गाडी धुवायचं निमित्त करून काकींकडून किल्ली घेताना. आणि खरं सांगू? मला आनंद झाला होता. आज कोणी मोजणार नाही! मानकोलीच्या अलीकडचा सर्व्हिस रोड, ऊन छान, रस्ता मोकळा, डावीकडची सीट रिकामी. मी बोलत सुटले. काय बोलत होते तेही आठवतं. रस्ता ओलांडणाऱ्या लोकांनी किती काळजी घ्यायला हवी, यावर बोलत होते. किती खांब गेले? चार? पाच? मी मोजलेच नाहीत.

इम्रान किंचाळला, "दीदी, सामने!"

मी ब्रेकवर उभीच राहिले. टायर ओरडले. समोर एक बाई होती, हातात पिशवी, आणि पुढच्या क्षणी समोर बाई नव्हती.

मी कशी उतरले मला माहीत नाही. ती बंपरच्या पुढे, वीतभर अंतरावर, रस्त्यावर बसलेली होती. लागलं नव्हतं. घाबरून पडली होती. पिशवीतला डबा उघडून भाकरी रस्त्यावर आली होती आणि बाई ती भाकरी गोळा करत होती. तिने वर पाहिलं. काका, तिने मला ओळखलं. तिचा चेहरा उजळला हो! म्हणाली, "तुमी टीव्हीवाल्या ना? आमचे पाड्याव समदी बगतात तुमाला." आणि मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "माजीच चूक झाली बाय. मी बगलाच न्हाय."

आणि मी म्हटलं, "सांभाळून जात जा, मावशी."

हे म्हणाले मी. तिला उठवलं, हसले, तिच्या शेजारी उभी राहिले, आणि तिची चूक तिच्याच पदरात टाकून गाडीत बसले. घरी पोचल्यावर ते फुटेज मी इम्रानकडून काढून घेतलं.

दोन दिवसांनी तुम्ही ताप उतरल्यावर ओट्यावरून खाली आलात. गाडीभोवती एक चक्कर मारलीत. पुढच्या टायरशी उकिडवे बसलात आणि त्यावरून तळहात फिरवलात. जुनी गाडी, चाक जाम होऊन घासलेलं, टायरला एका जागी सपाटी आलेली. हात तिथेच ठेवून, मान वर न करता विचारलंत, "किती खांब?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"बरा," तुम्ही म्हणालात.

बस. ना ओरडलात, ना किल्ली काढून घेतलीत. त्या आठवड्यात ब्रेक नवे टाकलेत, आणि पुढच्या शूटिंगला सीट आणखी पुढे ओढून बसलात, गुडघे डॅशबोर्डला टेकवून, पाय ब्रेकवर. मोजायचं मात्र बंद केलंत. मोजत नाही म्हणून मी खूष व्हायला हवं होतं. मला एकेक खांब जाताना ऐकू यायला लागला. रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज उद्यावर ढकलायचे. मग एका दुपारी इम्रानचा फोन आला, "दीदी, काका गये."

तुम्हाला कळलं होतं ना? मी हे स्वतःला किती वेळा विचारलं असेल. कोण काय सांगणार?

तेरावं झाल्यावर मी काकींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मला वाटलं हाकलतील. त्या आत गेल्या, किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ने गारी. पन त्यांची सीट हलवू नको."

पहिल्यांदा गेले त्या बाईला शोधायला. गोदामाच्या गेटवर दोन दिवस उभी राहिले. सगळे सेल्फी मागायचे आणि मी बाई शोधत होते. तिसऱ्या दिवशी सापडली. बारकीबाई तिचं नाव. गोदामात खोकी उचलायला जाते, भात लावायच्या वेळी लोकांच्या शेतावर. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, मावशी, त्या दिवशी चूक तुमची नव्हती, माझी होती, मी कॅमेऱ्यात बघत होते.

"मंग तवाच का न्हाय सांगला?" ती म्हणाली. "मी घरी जाऊन मार खाल्ला. नवरा बोलला, तुला रस्त्यान चालता येत न्हाय, उद्यापसून जाऊ नको कामाव. आठ दिस घरी व्हते मी."

लाज म्हणतात ती अशी असते, हे मला या वयात कळलं. मी म्हटलं, मी हे टीव्हीवर सांगणार आहे, तुमच्या पाड्यावर सगळे बघतील. ती म्हणाली, "मी पन येते. तू परत खोटा बोलशील."

साहेब चिडले. बंद गाडीत बसून बोलणार? मग रेडिओ काय वाईट होता? वर ते फुटेजही दाखवणार? कार्यक्रम संपेल, अश्विनी. मी म्हटलं, संपू दे. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी न ओरडता बोलले, बहुतेक म्हणूनच ते घाबरले. एक भाग कर, म्हणाले, मग बघू.

आणि आज सकाळी, काका! तुमच्या घरासमोरच गाडी लावली, रस्ता सोडून, पिंपळाच्या सावलीत. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद. किल्ली काढून कॅमेऱ्याला दाखवली आणि डॅशबोर्डवर ठेवली. तुमच्या सीटवर बारकीबाई. सीट हलवली नाही. ती एवढीशी, तिला ती बरोबर बसली. तिने पाय खाली टेकवले आणि दचकली. "ह्या काय हाय पायाखाली?"

मी इम्रानला म्हटलं, दाखव. आणि तो पुढे वाकून कॅमेरा खाली घेऊन गेला. तुमचा ब्रेक. काका, मी वर्षभर त्याच्या शेजारी बसले आणि कधी नीट पाहिला नव्हता. त्याचं रबर झिजून झिजून खालचं लोखंड चकाकतंय! माझ्या बाजूच्या ब्रेकचं रबर अजून नव्यासारखं आहे. इम्रानने दोन्ही दाखवले, आधी माझा, मग तुमचा. मला पुढे बोलायची गरजच नव्हती, पण मी बोलले. ते कोपर कोणाचं होतं ते सांगितलं. मी कॅमेऱ्याकडे बघत होते तेव्हा गाडी कोण चालवत होतं ते सांगितलं. निजामपुऱ्याच्या चाचांची माफी मागितली, नाव न घेता. मग मोबाइलवर ते फुटेज लावलं. बारकीबाईने स्वतःला पडताना पाहिलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाली, "बगलास? मी सरल चालली व्हते." टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या मला! काकी दारात उभ्या होत्या, त्या डोळे पुसत हसत होत्या.

लोक काय म्हणतील, माहीत नाही. शिव्या घालतील, घालोत. कार्यक्रम राहील की जाईल, तेही माहीत नाही. पण मी आज पोटभर बोलले, वाटेल तेवढा वेळ माकडाकडे बघत, आणि कोणाचं काही वाकडं झालं नाही. एवढं हलकं मला तुम्ही पहिल्यांदा लायसन्स हातात दिलंत तेव्हाही वाटलं नव्हतं. तुम्ही जिंकलात, काका. कबूल. अजून दोन मुद्द्यांवर मी भांडणार होते, पण तेही सोडले.

शेवटी इम्रानने कॅमेरा बंद केला. तो मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, "दीदी, कितने खांबे?" त्याला वाटलं मी हसेन.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. डावीकडे, बारकीबाईच्या पलीकडे, तुमच्या घरासमोरचा तोच खांब उभा होता, सकाळी होता तिथेच, त्याच्या तारेवर सकाळपासून बसलेला कावळा. टायरशी उकिडवे बसलेले तुम्ही आठवलात, हात त्या सपाटीवर ठेवलेले, मान खाली घातलेले, मी काय म्हणते याची वाट बघणारे.

एकही नाही, काका. या वेळी खरंच एकही नाही.